गोकर्णाची वेल: बिया घेऊन गेलेल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर जूनमध्ये आमच्या पार्ल्याच्या सोसायटीत मी गोकर्णाच्या बिया वाटते, वर्तमानपत्राच्या पुडीत दहा-दहा. पुढचे पंधरा दिवस फोन थांबत नाही. प्रश्न दरवर्षी तेच, फक्त विचारणारे बदलतात. म्हणून या वर्षी सगळं एकदाच लिहून ठेवते आहे. पुडीसोबत हे वाचा आणि मग फोन करा. (करालच, माहीत आहे मला.)

गोकर्ण म्हणजे नेमकी कुठली? शंखपुष्पी, विष्णुक्रांता, अपराजिता, सगळी एकच का?

निळंशार, शिंपल्यासारखं उघडलेलं, मधोमध पिवळट-पांढरा डाग असलेलं फूल लागतं ती गोकर्ण. गाईच्या कानाचा आकार म्हणून हे नाव. तळमजल्यावरच्या एका काकूंनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तुझ्याकडे गजकर्णाच्या बिया आहेत ना गं?" काकू, गजकर्णाला बी नाही, मलम लागतं.

संस्कृतात हिला अपराजिता आणि गिरिकर्णिका म्हणतात. खरा घोळ शंखपुष्पीचा आहे. केरळात शंखपुष्प म्हणजे हीच वेल, तर उत्तरेकडचे वैद्य शंखपुष्पी म्हणून जमिनीलगत पसरणारी, छोट्या फिकट फुलांची वेगळीच वनस्पती वापरतात. विष्णुक्रांता हे नावही बहुतेक जण जमिनीवरच्या इवल्या निळ्या फुलांच्या रोपाला देतात, काही जण गोकर्णाला. त्यामुळे औषधाच्या बाटलीवर 'शंखपुष्पी' वाचून गॅलरीतली वेल उकळायला घेऊ नका.

शास्त्रीय नाव क्लायटोरिया टर्नेटिया. दुसरा शब्द आजच्या इंडोनेशियातल्या टर्नेट बेटावरून आला आहे. पहिला फुलाच्या आकारावरून आहे, तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी अर्थ बघून घ्या. एकोणिसाव्या शतकात काही वनस्पतिशास्त्रज्ञांनीही या नावावर नाकं मुरडली होती. नाव मात्र आहे तिथेच आहे.

ही शोभेची वेल. हिला शेंगवर्गीय का म्हणता?

शेंग बघा. चपटी, बोटभर लांब, टोकाला चोच. आत सहा ते दहा बिया. वाल, चवळी, वाटाणा यांचंच हे घराणं. फरक एवढाच की वाटाण्याच्या फुलात मोठी पाकळी पाठीमागे उभी असते आणि गोकर्णाचं फूल उलटं असतं. मोठी पाकळी खाली पसरते आणि भुंगा तिच्यावर सरळ उतरतो. तो आत डोकं घालतो तेव्हा वरून त्याच्या पाठीला पराग लागतो.

शेंगवर्गीय असण्याचा खरा पुरावा मात्र मातीत आहे. गेल्या वर्षी कुंडी बदलताना मी मुळांचा गड्डा वर्तमानपत्रावर ठेवला होता आणि माझा भाचा शेजारी बसला होता. मुळांवर मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या. एक गाठ मी नखाने फोडली, आत चक्क गुलाबी. भाचा ओरडला, "मावशी, रक्त!" तो फार चुकला नव्हता. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातीतलंच एक द्रव्य त्या गाठीत असतं, त्याचा तो रंग. गाठीत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून वेलीला देतात. गाठ आतून गुलाबी म्हणजे काम चालू. हिरवट किंवा तपकिरी झाली की काम संपलं.

मग शेजारच्या कुंडीतल्या मिरचीला फुकट खत मिळेल का?

असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं, पण वेल जिवंत असताना शेजाऱ्याला फारसं काही देत नाही. गळलेला पाला आणि जुनी मुळं मातीत कुजली की मग त्यातला नायट्रोजन बाहेर येतो. म्हणून छाटणीचा पाला कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. बारीक करून मिरचीच्या कुंडीत पसरा.

बी कधी आणि कसं लावायचं?

मुंबईत दोन हंगाम सोयीचे आहेत. एक, पहिल्या पावसाने माती थंड झाल्यावर. दुसरा, फेब्रुवारीत थंडी ओसरताना. दुसऱ्यात पाणी तुम्हाला घालावं लागतं, पण रोप पावसाच्या माऱ्याआधी मजबूत होतं. मला स्वतःला फेब्रुवारीच आवडतो. बिया वाटते मात्र जूनमध्ये, कारण लोकांना झाडं लावायची आठवण पाऊस पडल्याशिवाय होत नाही.

बी कडक असतं, साल पाणी आत घेत नाही. काड्यापेटीच्या खरखरीत बाजूवर किंवा पॉलिशपेपरवर एका बाजूने थोडं घासा, चकाकी गेली की पुरे. मग रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. सकाळी जी फुगली ती बोटाच्या एका पेराएवढी खोल लावा. जी फुगली नाही ती पुन्हा घासा. आठवड्या-दीड आठवड्यात कोंब दिसतो.

बाई, दहा लावल्या, एकही आली नाही!

घासल्या होत्या का? ("हो, थोड्याशा" म्हणजे नाही.) घासूनही आल्या नसतील तर माती उकरा. बी बुळबुळीत झालं असेल तर पाणी जास्त झालं. टणक असेल तर पुन्हा घासा आणि लावा, ते अजून जिवंत आहे.

कुंडी केवढी? माती कुठली?

बारा इंची कुंडी, खाली भोकं नक्की. लाल माती दोन भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग, शेणखत किंवा गांडूळखत एक भाग. नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेली वेल पहिल्या दोन महिन्यांत गोड दिसते आणि मग रुसते. जाडी वाळू मूठभर मिळाली तर घाला, समुद्रावरची नको, तिच्यात मीठ असतं.

ऊन पाच-सहा तास हवं. पूर्वेची किंवा पश्चिमेची गॅलरी उत्तम. समोर टॉवर उभा राहिलेल्या खिडकीत वेल वाढेल, पण फुलं मोजून येतील.

वेल ग्रिलला चढत नाही, लोंबकळते.

काकडी-दुधीला असतात तसे तणावे हिला नाहीत. हिचं खोडच आधाराभोवती वळसे घेतं, म्हणून आधार बारीक हवा. बॉक्सग्रिलचे जाड चौकोनी गज तिला पकडता येत नाहीत. गजांमध्ये सुतळी किंवा नायलॉनची दोरी उभी ताणा, वीतभर अंतराने. सुरुवातीला शेंडा हाताने दोरीला टेकवून द्या, पुढचं तिचं ती बघते. आठ-दहा फूट सहज जाते.

पानंच पानं! फूल का नाही?

माझ्या यादीत सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न, आणि शंभरातल्या बहुतेकांचं कारण एकच: लाड.

ही रानवेल आहे. कोरड्या माळावर, कुंपणावर, रेल्वे रुळांलगतच्या जाळीवर कुणी पाणी न घालता वाढणारी. नायट्रोजन ती स्वतः मिळवते. वरून तुम्ही युरिया, मोहरीची पेंड, डाळ-तांदळाचं पाणी सगळं ओतलंत की तिला नुसता पाला वाढवायचं सुचतं. शेजारच्या विंगमधल्या एका आजोबांनी दर रविवारी खत घातलं. सप्टेंबरपर्यंत त्यांची खिडकी हिरवी बंद झाली, दिवसाही दिवा लावायचे, आणि फूल एकही नाही.

खत बंद करा. शेंडे खुडा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात आणि फूल फांदीच्या कोवळ्या भागावर, पानाच्या बगलेत येतं. महिन्यातून एकदा चमचाभर लाकडाची राख चालेल. पाणी मातीचा वरचा थर सुकल्यावरच. पेरणीपासून दीड-दोन महिन्यांत पहिली कळी दिसायला हवी. पहिल्या फुलाचा फोटो पाठवला नाहीत तरी चालेल. (पाठवतातच सगळे. आवडतं मला.)

पावसात पानं पिवळी पडली.

मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. कुंडीखालची ताटली काढली नसेल तर मुळं त्या पाण्यात बसून कुजतात. जुलैत ताटली काढा, कुंडी दोन विटांवर ठेवा. संपलं.

पानांखाली पांढरा कापूस आणि शेंड्याला काळे-हिरवे किडे.

कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, शेंड्यावरचा मावा. दोन्ही आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने उडवा. उरलेल्यांवर एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि दोन थेंब भांडी घासायचं लिक्विड, संध्याकाळी. फुलं खाणार-पिणार असाल तर रासायनिक औषध अजिबात नको.

गंमत म्हणजे याच वेलीच्या अर्कापासून ऑस्ट्रेलियात कापसावरच्या किडीसाठी औषध तयार केलं आहे. तिच्यात वर्तुळाकार साखळीचे छोटे प्रथिन-रेणू असतात, ते किडीला त्रास देतात. आमच्या पार्ल्याच्या माव्याला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.

ही किती वर्षं टिकते? दरवर्षी लावायची का?

बहुवर्षायू आहे. कुंडीत चार-पाच वर्षं आरामात, फक्त बुंधा हळूहळू लाकडासारखा होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये गुडघ्याएवढी ठेवून छाटा.

माझी सर्वांत जुनी वेल मी छाटली नव्हती, तिला छाटलं रंगाऱ्यांनी. सोसायटीचं बाहेरचं रंगकाम होतं. मी ऑफिसात, घरी कुणी नाही. संध्याकाळी आले तर परांची बांधताना अख्खी वेल दोऱ्यांसकट कापून खाली टाकलेली. कुंडीत चार बोटांचा ठोंब आणि त्यावर फिकट पिवळ्या रंगाचे शिंतोडे. एप्रिल होता. कुंडी कोपऱ्यात ढकलली, रागाने पाणीही घातलं नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्या रंग लागलेल्या ठोंबातून तीन हिरवे फुटवे बाहेर आले होते. अपराजिता हे नाव मला तेव्हा पटलं.

निळी म्हणून घेतली, पांढरी निघाली. फसवलं का?

नर्सरीत रोपाला फूल नसतं आणि पिशव्या सरमिसळ होतात. मलाही एकदा असंच झालं होतं, पांढरी निघाली आणि ती आता माझ्या आवडीची आहे. पांढऱ्यात निळं रंगद्रव्य तयार होत नाही, बाकी सगळं तेच. दुहेरी पाकळ्यांची, गुलाबासारखी गच्च दिसणारी जातही मिळते. आपल्या वेलीचं बी धरलं तर बहुधा तशीच वेल येते, कारण परागण बरंचसं फूल उमलण्याआधीच आतल्या आत होतं. चौदाव्या मजल्यावर, जिथे भुंगा येत नाही, तिथेही शेंगा धरतात त्या याच कारणाने.

निळा चहा कसा करायचा? चव कशी असते?

फूल पहाटे उमलतं आणि संध्याकाळपर्यंत मिटतं, म्हणून सकाळी आठ-नऊच्या आत तोडा. देठाकडचा हिरवा पेला काढा. पाण्यात बुडवून मुंग्या झटका. रस्त्याकडची खिडकी असेल तर दोनदा धुवा, बोटाला काळं लागतं. कपाला पाच-सहा ताजी फुलं, उकळून खाली उतरवलेलं पाणी, पाच मिनिटं झाकण.

चव विचाराल तर खरं सांगते, जवळजवळ नाही. वाफवलेल्या वालाच्या शेंगेचं पाणी पातळ केल्यासारखी. त्यात चहापत्ती नसते, कॅफिनही नाही. महागड्या कॅफेत या पाण्याचे तीनशे रुपये मोजून आल्यावर मला फोन करणाऱ्यांना मी काय बोलू? गवती चहाची दोन पाती आणि आल्याचा तुकडा टाका, मग पिण्यासारखं होतं.

वाळवायची असतील तर सावलीत, पंख्याखाली, कागदावर. पावसाळ्यात वाळवू नका, बुरशी धरते. ऑक्टोबरपासून पुढे दोन दिवसांत कुरकुरीत होतात, घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा.

लिंबू पिळल्यावर जांभळं झालं! खराब झालं का?

नाही हो. हा निळा रंग अँथोसायनिन गटातला, जांभळाच्या आणि आमसुलाच्या रंगाचा चुलतभाऊ. गोकर्णातल्या प्रकाराला टर्नाटिन म्हणतात. साध्या पाण्यात निळा, लिंबाने जांभळा, आणखी पिळलंत तर गुलाबीकडे, आणि खायचा सोडा टाकला की हिरवट. हळदीच्या डागाला साबण लागला की लाल होतो, तसाच प्रकार. मुलांना सुट्टीत चार काचेचे पेले द्या: पाणी, लिंबू, सोडा, आमसुलाचं पाणी. अर्धा तास घर शांत.

कपडा रंगवायला मात्र वापरू नका. एका उन्हात आणि दोन धुण्यांत जातो.

मोदकात वापरता येईल का?

येईल, आणि देखणे होतात. दोन वाट्या पिठीला दोन वाट्या पाणी, त्यात वीसेक ताजी फुलं उकळून गाळा. पाणी कमी झालं असेल तर भरून काढा. मग तूप, चिमूटभर मीठ, पिठी, नेहमीची उकड. रंग आकाशी येतो. आमच्या सासूबाईंनी पहिल्या वर्षी ताटाकडे बघून "हे काय शाईचे मोदक?" म्हटलं, आणि चार खाल्ले. सारण नेहमीचं गूळ-खोबऱ्याचंच ठेवा.

मलेशियात याच फुलांनी भात निळा करतात, नासी केराबू म्हणतात त्याला. थायलंडात सरबत करतात. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने २०२१ मध्ये या फुलांच्या अर्काला खाद्यरंग म्हणून मान्यता दिली. उलट युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०२२ मध्ये वाळवलेल्या फुलांच्या सुरक्षिततेबद्दल आक्षेप नोंदवले. मी स्वतः आठवड्यातून एखादा कप पिते, रोज तांब्याभर नाही.

बुद्धी वाढते, केस वाढतात, साखर उतरते म्हणतात?

आयुर्वेदात अपराजितेला मेध्य, म्हणजे बुद्धीला पोषक, म्हटलं आहे, पण तिथे वैद्य, मात्रा आणि रोगी तिन्ही असतात. व्हॉट्सॲपवर यातलं एकही नसतं. साखरेच्या गोळ्या बंद करून निळं पाणी प्यायला लागलात तर मला कळवू नका, डॉक्टरांना कळवा.

एक गोष्ट ठळकपणे: मूळ आणि बी खाऊ नका. दोन्ही जुलाब करणारी आहेत. घरात लहान मूल असेल तर वाळक्या शेंगा हाताला लागतील अशा ठेवू नका. गरोदर बायकांनी फुलांचा चहाही टाळावा.

गावी बकऱ्या आहेत. चारा म्हणून चालेल?

चांगला चालतो. पाला मऊ, प्रथिनं भरपूर, बकऱ्या आणि गुरं आवडीने खातात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये १९९१ साली 'मिलगारा' नावाचं वाण खास कुरणांसाठी आणलं गेलं. आपल्याकडे झाशीच्या भारतीय चराऊ कुरण व चारा संशोधन संस्थेतही या वेलीवर काम झालं आहे. गावी लावायची तर एकटी नको, गवतासोबत लावा, तिला चढायला आधार मिळतो. फार खाली खुरटून चरू दिलं तर मात्र लवकर संपते.

पूजेला चालते का? दसऱ्याला अपराजितापूजन असतं ते हिचंच का?

फूल देवीला, शंकराला, विष्णूला वाहतात. दादरच्या फूलबाजारात सणावारी वाट्यावर मिळतं, पण दुपारपर्यंत मान टाकतं, घरची वेल असली की बरं. दसऱ्याचं अपराजितापूजन देवीचं असतं, सीमोल्लंघन आणि शमीपूजनाच्या जोडीचं. बंगालकडे त्या दिवशी ही वेलही पूजतात. आपल्याकडे अष्टदल काढून देवीची पूजा करतात. वेल वाहिलीत तर कुणी रागावणार नाही.

बिया उरल्या. नॅशनल पार्कात टाकून येऊ का?

नको. जंगलाला जे हवं ते जंगल बघून घेतं. शेजाऱ्याला द्या.

बी कधी आणि कसं धरायचं?

शेंग हिरवी असताना तोडू नका. ती पिवळी, मग तपकिरी, मग कागदासारखी होते. हीच वेळ, एक-दोन दिवस चुकलात तर गेली. कडक उन्हात वाळकी शेंग पीळ घेऊन फुटते आणि बिया लांब उडतात. दुपारी सगळं सामसूम असताना गॅलरीतून 'टक्' आवाज येतो, तो तिचाच. पिकत आलेल्या शेंगांच्या झुबक्याला जुन्या ओढणीचा तुकडा सैल बांधून ठेवा. बिया सावलीत आठवडाभर सुकवून कागदी पुडीत, वर तारीख आणि रंग लिहून. प्लास्टिकच्या पिशवीत नको, दमट होतात.

मी एका वर्षी ओढणी बांधायला विसरले. पुढच्या जुलैत पहिल्या मजल्यावरच्या आजी तुळशीची कुंडी दाखवायला घेऊन आल्या. तुळशीला गोकर्णाने तीन वेढे घातले होते आणि वर एक फूल. "ही तुझीच," म्हणाल्या, "काढू का ठेवू?" मी म्हटलं, काढा, तुळस मरेल. आजींनी ठेवली.